जमिनीत गेलेली तार

घरी बिनतारी केंद्र चालविणाऱ्या हौशी गृहस्थाच्या गच्चीवरील एरियल सर्वांच्या नजरेस पडते. त्याच्या जोडीची जमिनीत गेलेली तार मात्र कोणी पाहत नाही. आम्ही कामगार तिला ‘अर्थिंग’ म्हणतो. तिचा इतिहास थोडक्यात सांगावयाचा आहे.

१० मे १७५२ रोजी फ्रान्समधील मार्ली गावी ढगातील वीज प्रथम लोखंडी कांबीतून उतरविली गेली. कल्पना फ्रँकलिनची, मांडणी दालिबारची. परंतु ढग आले तेव्हा दालिबार पॅरिसला होता. कांब मुद्दाम जमिनीपासून अलग ठेवली होती. तिच्यातून ठिणगी काढली ती क्वाफिए नावाच्या एका निवृत्त घोडेस्वाराने. नाव पंडिताचे झाले, हात शिपायाचा होता!

क्वाफिए सुदैवाने वाचला. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गला प्रोफेसर रिखमान यांनी अशीच कांब घरात आणली. विजेला जमिनीची वाट नव्हती. ती त्यांच्या देहातून गेली आणि ते जागीच ठार झाले. त्यांचे स्नेही लोमोनोसोव्ह यांनी शुवालोव्ह या सरदाराला पत्र लिहून रिखमान यांच्या विधवेसाठी निवृत्तिवेतन मागितले. अपघातात गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी असे अर्ज लिहिण्यात माझे आयुष्य गेले. म्हणून हे पत्र मला त्या प्रयोगाइतकेच मोलाचे वाटते.

पुढे जमीन कामालाही आली. १८३८ मध्ये जर्मनीत श्टाइनहाइल यांना आढळले, की तारायंत्राला परतीची तार लागत नाही. ते काम जमीन करते. १८९५ मध्ये मार्कोनींनी यंत्राचे एक टोक उंच नेले, दुसरे जमिनीत जोडले, आणि संदेश टेकडीपलीकडे पोहोचला.

आता हौशी केंद्राकडे वळू. पुष्कळांना वाटते, यंत्रासाठी वेगळी कांब ठोकली की काम झाले. तसे नाही. जवळपास वीज पडली, की घरच्या अर्थिंगात आणि या कांबीत हजारो व्होल्टांचा फरक पडू शकतो. तो फरक यंत्रातून, प्रसंगी यंत्रावर हात ठेवलेल्या माणसातून भरून निघतो. म्हणून सारी अर्थिंगे जाड तारेने एकत्र बांधावीत. एरियलच्या केबलीला घरात शिरण्यापूर्वीच जमिनीची वाट द्यावी. आणि एवढे करूनही, वादळाची चिन्हे दिसण्यापूर्वीच एरियल सोडवून ठेवावे.

अर्थिंग नसले तरी दिवा लागतो, पंखा फिरतो, यंत्र बोलते. म्हणूनच काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्याच्यावर पडते. घरात तशी आणि कारखान्यातही तशीच. पैसे एकाचे वाचतात, हात दुसऱ्याचा भाजतो. आपल्या घरी तीन भोकांचे सॉकेट असेल. त्यातील मोठ्या भोकामागे तार खरोखर जोडलेली आहे का, हे जाणत्या वायरमनकडून पावसाळ्यापूर्वी तपासून घ्या.