पिकअप, जुनी : ब्रेकदोषांचे निदान

शिरूर तालुक्यातील सणसवाडी हे पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील औद्योगिक गाव. या पट्ट्यातील हलक्या मालवाहतुकीत महिंद्रा बोलेरो पिकअप व टाटा 207 या गाड्या परिचित आहेत. (टेल्कोने 1988 मध्ये आणलेली टाटामोबाइल ही 207 ची पूर्वज.) नोंद डिझेलवर चालणाऱ्या, एबीएस नसलेल्या गाड्यांपुरती आहे.

रचना : पुढे डिस्क, मागे ड्रम. मास्टर सिलिंडर दुहेरी असल्याने एक मार्ग फुटला तरी दुसरा काही अंशी चालतो. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा व्हॅक्यूम आयता मिळत नाही, म्हणून बूस्टरसाठी वेगळा पंप लागतो. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो व इंजिन ऑइलवर वंगण घेतो. जड पेडलची तक्रार आली की मेस्त्री आधी चाके खोलतो. पण दोष पुष्कळदा या पंपात निघतो.

पेडलवरून निदान : (1) जड पेडल. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारावे, मग दाबून धरून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली बसले तर बूस्टर काम करतो आहे. न बसल्यास बूस्टरची नळी काढून तोंडाशी बोट धरावे : ओढ नसेल तर पंप किंवा नळी, ओढ असेल तर व्हॉल्व्ह वा बूस्टर. नळीत ऑइल सापडल्यास पंपाचे सील तपासावे. (2) दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाणारे पेडल. ब्रेक ऑइलची पातळी कायम असेल तर मास्टर सिलिंडरचे रबर आतून दाब सोडते. पातळी घटते पण बाहेर थेंब दिसत नाही, तेव्हा बूस्टरचे पोट आणि मागचे ड्रम पाहावेत. ड्रममधला ओलावा ब्रेक ऑइलचा की अ‍ॅक्सलचा, हे ओळखता आले पाहिजे : गिअर ऑइल दाट व उग्र वासाचे असते, ब्रेक ऑइल पाण्याने धुतले जाते. (3) लिबलिबीत, पंपिंग केल्यावर वर येणारे पेडल : नळ्यांत हवा, किंवा ड्रमचे अ‍ॅडजस्टमेंट सुटलेले.

एका बाजूला ओढणे : गाडी ज्या बाजूला ओढते तिकडचा ब्रेक बहुधा ठीक असतो, दुबळे चाक पलीकडचे. चाक तापत असल्यास निपल सैल करावा. चाक सुटले तर रबरी होज आतून फुगून दाब अडवते आहे. न सुटल्यास कॅलिपर जाम.

भारसंवेदी व्हॉल्व्ह : या भागाकडे गॅरेजांत फारसे लक्ष दिले जात नाही. हा व्हॉल्व्ह चासी आणि मागच्या अ‍ॅक्सलमधील अंतरावरून भार ओळखतो व त्यानुसार मागच्या चाकांचा दाब ठरवतो. जादा मालासाठी मागे पाटे वाढवले की गाडी बसत नाही, व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. उलटपक्षी व्हॉल्व्हची दांडी तारेने वर बांधली तर रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागून घसरते. पाटे वाढवलेल्या गाडीत लायनर बदलून गुण येत नाही तो यामुळे.

घाटातील दोष : वाशीच्या बाजाराला माल नेताना बोरघाट उतरावा लागतो. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनरची पकड घटते. पाणी शोषलेले ब्रेक ऑइल उकळल्यास पेडल तळाला जाते. डॉट 3 चा किमान उत्कलनबिंदू कोरडा असता 205 अंश, ओला असता 140 अंश सेल्सियस. डॉट 4 चा अनुक्रमे 230 व 155. गाडी थंड झाली की पेडल पूर्ववत होते, त्यामुळे गॅरेजात दोष सापडत नाही. अशा वेळी ऑइलचे वय विचारावे आणि चालक घाट कोणत्या गिअरमध्ये उतरला तेही.

ड्रम : लेथवर कातून वापरावा की बदलावा, याबाबत मतभेद आहेत. ड्रमवर कोरलेला कमाल व्यास ओलांडला असल्यास प्रश्न उरत नाही. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ती हवेच्या झोताने उडवू नये.

तपासणी : केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते.

हँडब्रेक : केबल गंजते.