उंबरठ्यावरची मोजणी



साथीत रोगी मोजायचे कसे, हा प्रश्न जुना आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात रोगी शोधायला गोरे सोजीर घरांत घुसले. लोकांनी भीतीने आजारी माणसं लपवली. लपवलेला रोगी मोजणीत येत नाही, साथ मात्र पसरते.

२०२० मध्ये कोरोना आला. त्यातच ३ जूनला निसर्ग वादळाने आपलं दिवेआगर झोडपलं. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली, फोन गेले. मग कुठल्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, हे विचारायचं कुणाला?

१५ सप्टेंबरपासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आशाताई घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजू लागल्या. खाटा भरतात त्या आजार बळावल्यावर. दारातला ताप त्याच्या आधी दिसतो. तो वेळेत कळला, तर खाट शोधायला सवड मिळते.

वाळीत टाकतील म्हणून ताप लपवू नका, बायांनो. आणि कुणी सांगितला, तर तिला वाळीत टाकू नका. गटाच्या वहीत १०८ नंबर आजच लिहून ठेवा.