बीलसाहेबांच्या वीस बाटल्या

वर्गात पेरलेले बी आठ-दहा दिवसांत उगवले नाही, की ते ‘मेले’ असे ठरवून आपण कुंडी रिकामी करतो. पण ओल, हवा आणि ऊब मिळूनही जिवंत बी न उगवता पडून राहू शकते. ही त्याची सुप्तावस्था. बाभळीच्या बीचे कठीण कवच पाणी आत शिरू देत नाही. म्हणून रोपवाटिकेत ते गरम पाण्यात भिजवून मग पेरतात. पण जमिनीत गाडलेले बी किती वर्षे जिवंत राहील?

अमेरिकेतील मिशिगन कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम बील यांनी हे पाहायचे ठरवले. कितीही खुरपले तरी तण पुन्हा येतेच, ही शेतकऱ्यांची तक्रार त्यामागे होती. १८७९ साली त्यांनी वीस बाटल्यांत ओलसर वाळू भरली, तीत वीसेक जातींच्या प्रत्येकी ५० बिया मिसळल्या आणि बाटल्या पुरल्या. तोंडे उघडी, पण खाली झुकलेली. म्हणजे आत पाणी साचू नये! दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची. शंभर वर्षांचा हा बेत आखताना बील ४६ वर्षांचे होते. पुढच्यांनी हे अंतर आधी दहा, मग वीस वर्षे केले.

२००० साली ‘व्हर्बॅस्कम ब्लॅटारिया’ या तणाच्या ५० पैकी २३ बिया उगवल्या. जास्वंदीच्या कुळातल्या मालव्हाच्या बिया मात्र गप्प होत्या. त्या काही आठवडे थंडीत ठेवल्यावर एक उगवली. थंडी दिली नसती, तर तीही मेलेल्यांतच मोजली गेली असती. तेव्हा न उगवलेल्यांपैकी खरोखर मेलेल्या किती आणि ज्यांना जागे करण्याची युक्ती आपल्याला साधली नाही अशा किती, हे नुसत्या मोजणीने ठरत नाही.

महामारीमुळे वर्षभर लांबलेली पुढची बाटली २०२१ साली काढली, तीही पहाटेच्या अंधारात. कारण १९५२ मध्ये बेल्ट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनी दाखवले होते, की लेट्यूसचे भिजलेले बी लाल प्रकाशाने जागे होते आणि लगेच अतिलाल प्रकाश दिला तर पुन्हा झोपते. कित्येक तणांच्या बियांनाही प्रकाशाचा असा इशारा लागतो; नांगरटीनंतर तण उफाळते, त्याचे हे एक कारण. बाटली उघड्यावर काढली असती, तर इशारा प्रयोगशाळेबाहेरच मिळाला असता.

त्या वेळी वीस बिया उगवल्या, सगळ्या व्हर्बॅस्कमच्याच. आता चार बाटल्या उरल्या आहेत. पुढची २०४० मध्ये निघेल, शेवटची २१०० मध्ये. पुरल्याची जागा दाखवणारा नकाशा एका पिढीकडून दुसरीकडे जपून सोपवला जातो.