तंबू थिएटर आणि ओठांशी जुळणारा आवाज

सातारा जिल्ह्यातील पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या, तसेच सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातील यात्रांमध्ये फिरत्या तंबू थिएटरांनी बोलपट खेड्यापर्यंत नेला, आणि त्याबरोबरच चित्र व ध्वनी जुळवण्याचे नाजूक काम ऑपरेटरच्या हाती आले. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाचा आरंभ केला, तेव्हापासून फितीच्या कडेला छापलेली ध्वनिरेषा हे या जुळणीचे मूळ होते. चित्र दाखवताना 35 मिलिमीटरची फीत सेकंदाला 24 वेळा क्षणभर थांबते, परंतु ध्वनी वाचताना ती अखंड सरकावी लागते. म्हणून ध्वनी त्याच्या चित्रापेक्षा सुमारे 20 चौकटी पुढे छापला जात असे आणि दोहोंमध्ये फितीचा एक सैल वळसा, म्हणजे ‘लूप’, सोडला जात असे. हा वळसा चार-पाच चौकटींनी लहानमोठा झाला, की नायिकेचे ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येत किंवा ओठ हलण्याआधीच ते कानी पडत. शिवाय ध्वनीला सुमारे 14 मीटर जाण्यास एका चौकटीइतका वेळ लागत असल्यामुळे, पडद्यामागील कर्ण्यापासून दूर बसलेल्यांना अचूक जुळणीतही आवाज किंचित मागे राहिलेला मिळे. झिजलेल्या, वारंवार जोडलेल्या फितींवर, जनरेटरच्या डळमळत्या विजेत हा वळसा नेमका राखणाऱ्या ऑपरेटरांचे कौशल्य चित्रपटांच्या इतिहासात फारसे नोंदले गेले नाही, ही खरोखर मोठी उणीव आहे. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर वळसा संपला आणि जुळणीचे काम यंत्रातील विलंबाच्या आकड्यावर गेले.