सावकारी पाश (1925)

महाराष्ट्र फिल्म कंपनीने कोल्हापुरात काढलेला सामाजिक मूकपट. दिग्दर्शक बाबूराव पेंटर (मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री, 1890–1954). कथा नारायण हरी आपटे यांची. भूमिका : व्ही. शांताराम (तरुण शेतकरी), झुंजारराव पवार, कमलादेवी.

कथानक : सावकार खोट्या कागदांच्या जोरावर शेतकऱ्याची जमीन बळकावतो. देशोधडीला लागलेला शेतकरी शहरात येऊन गिरणीकामगार होतो.

पार्श्वभूमी : पुणे जिल्ह्याला हा विषय नवा नव्हता. आजच्या आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचा होन्या भागोजी केंगले याने 1873 पासून सह्याद्रीच्या पट्ट्यात सावकारांवर हल्ले केले. कित्येक सावकारांची नाके कापली गेली. ब्रिटिश सरकारने त्याच्यावर इनाम लावले आणि 1876 मध्ये मेजर डॅनियल यांनी त्याला पकडले. दरम्यान 12 मे 1875 रोजी सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला. जमावाचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून जाळले गेले. त्यानंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. चित्रपटात गुन्ह्याचे हत्यार कागदच आहे, म्हणून हा संदर्भ महत्त्वाचा. मात्र कथेला या घटनांचा थेट आधार आहे, असे म्हणता येत नाही.

चित्रण : पेंटर मुळात रंगभूमीचे पडदे रंगवणारे आणि शिल्पकार. रंगवलेल्या पडद्यांऐवजी घडीव नेपथ्य उभारण्याचा पायंडा त्यांनीच पाडला. पात्रांची व वेशभूषेची रेखाटने ते आधी स्वतः काढत. ‘सिंहगड’साठी (1923) त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला होता. पौराणिक पटांतला भरजरी थाट ‘सावकारी पाश’मध्ये उपयोगाचा नव्हता. दारिद्र्य उभे करायचे होते. अंधारलेले खोपटे आणि विव्हळणारा कुत्रा हे या चित्रपटातील सर्वांत नावाजलेले दृश्य; निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे त्याची आवर्जून आठवण सांगितली आहे. विव्हळणे ऐकू येण्याची सोय नसताना ते जाणवून द्यायचे, तर सारा भार उजेड-अंधार आणि चौकटीची मांडणी यांवर पडतो. नेपथ्यकलेच्या इतिहासात या एका दृश्याला स्वतंत्र स्थान द्यायला हवे. भारतीय वास्तवदर्शी चित्रपटाची सुरुवात ‘सावकारी पाश’पासून झाली, असे अनेक अभ्यासक मानतात.

प्रतिसाद : जाणकारांनी गौरविला, व्यावसायिक यश बेताचे.

पुढील वाटचाल : मूकपटाची प्रत उपलब्ध नाही. पेंटरांनी 1936 मध्ये शालिनी सिनेटोनसाठी याच नावाचा बोलपट केला. शांताराम यांनी 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तेथे ‘कुंकू’ (1937) हा चित्रपट निघाला.