चौथा खांदा

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात भर पावसाळ्यात कोणी गेलं की खांदेकऱ्यांची परीक्षा असे. ओली काळी माती पायात जोडा टिकू देत नाही. आमचे आबा सांगायचे, "जोडे घरीच ठेवजा, अन् जोड पाहून उभे राहजा." जोड म्हणजे उंचीची. उंच आणि ठेंगणा शेजारी आले की तिरडी कलते. नाल्याच्या उतारावर उंच गडी पुढे, चढावर मागे. विसाव्याला तिरडी टेकली की पुढचे मागे, मागचे पुढे. कोणी चुकला तर म्हातारे तिथल्या तिथे खेकसत, मयताचीही भीड न ठेवता.

मातीला बोलावणं लागत नसे. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊबंदही खांद्याला हजर. आबांच्या आईने १९१८ ची मानमोडी पाहिलेली. घरोघरी माणसं तापाने आडवी, चार खांदे आणायचे कुठून? मयत बंडीत घालून नेत. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत वऱ्हाडाची लोकसंख्या ३० लाखांच्या आसपासच अडकून राहिली, त्यात या साथीचा वाटा मोठा. बंडीतून गेलेल्यांचं गावाकडे देणं राहिलं, असं तिचं ठाम मत होतं.

२० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. आबा अमरावतीला धावले, पण गर्दीत जवळही पोचता आलं नाही. ती रुखरुख शेवटपर्यंत राहिली. आपली समाधी बांधू नका, असं बाबांनी बजावलं होतं. गाडगेनगरात ती आहेच. सोयीचं नसेल तर लोक संताचंही ऐकत नाहीत.

एक गोष्ट मात्र आबा अर्धीच सांगत. जातीने वाळीत टाकलेल्या घरी म्हातारा गेला. दोन मुलं, एक भाचा. चौथा खांदा सुनेने दिला. गाव ओट्यावर बसून होतं, आबाही त्यांत होते. आज मुलीने खांदा दिला की पेपरात फोटो येतो. त्या सुनेचं नाव आबांनी कधी घेतलं नाही.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. कोणाच्या अंत्यविधीत अशी आडकाठी आणली तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड. आता अकोल्या-अमरावतीत शववाहिका दारात येते, खांदा उरला दारापासून गाडीपर्यंतचा. शेजारी कोणी गेलं तर तेवढं अंतर तरी चाला, आणि मोबाईल खिशात असू द्या.