‘आम्ही’ आणि ‘आपण’

विज्ञानकथा म्हटली की डोळ्यांपुढे अवकाशयाने आणि यंत्रमानव उभे राहतात. परंतु सर्वंकष सत्तेपुढे ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाचे काय होते, हा प्रश्नही या वाङ्मयप्रकाराने फार पूर्वीच हाती घेतला. रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन (१८८४–१९३७) यांची ‘आम्ही’ ही कादंबरी त्याचे ठळक उदाहरण होय.

झाम्यातिन व्यवसायाने जहाजबांधणीचे अभियंते. तरुणपणी ते बोल्शेविक होते; १९०५ च्या क्रांतीत झारच्या पोलिसांनी त्यांना तुरुंगात टाकले. १९२०-२१ मध्ये त्यांनी ही कादंबरी लिहिली आणि १९२२ मध्ये नव्या राजवटीनेही त्यांना त्याच तुरुंगाची वाट दाखविली!

कादंबरीतील ‘एकराज्या’त माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत, घरांच्या भिंती काचेच्या आहेत. ‘उपकारकर्ता’ हा सत्ताधीश दरवर्षी एकमताने निवडला जातो. एका वर्षी हजारो हात विरोधात वर होतात. सरकारी वृत्तपत्र मात्र निवड एकमतानेच झाल्याचे छापते. पुढे कल्पनाशक्ती हाच रोग ठरवून ती शस्त्रक्रियेने काढून टाकण्याचे फर्मान निघते. त्या शस्त्रक्रियेनंतर कथानायक, अभियंता डी-५०३, आपल्या प्रेयसीचा छळ शांतपणे पाहतो. ती मात्र एक शब्दही बोलत नाही.

मायदेशी या पुस्तकास छपाईची परवानगी मिळाली नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजी भाषांतर निघाले. १९२७ मध्ये प्रागच्या एका नियतकालिकात रशियन उतारे आले. त्यावरून १९२९ मध्ये लेखकाविरुद्ध काहूर उठले. अखेर १९३१ मध्ये त्यांनी थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची अनुमती मागितली. गॉर्कींच्या मध्यस्थीने ती मिळाली. पॅरिसमध्येच त्यांचा अंत झाला. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये या कादंबरीचे परीक्षण लिहिले. त्यांची ‘१९८४’ ही कादंबरी १९४९ ची. सोव्हिएत भूमीवर ‘आम्ही’ छापली गेली ती १९८८ मध्ये.

आपल्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. पहिल्यात ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यात तो सामावतो. ‘एकराज्य’ तोंडाने ‘आपण’ म्हणते आणि वागते मात्र ‘आम्ही’सारखे. परप्रांतात मंडळ चालविणाऱ्या आपणां सर्वांस हा भेद परिचयाचा आहे. विरोधी हात मोजला जातो तेथेच ‘आपण’ या शब्दाला अर्थ उरतो, असे आम्हांस वाटते.